गवळणीच्या प्रश्नानंतरचे पान

आबा,

आपल्या पोथीतले हरवलेले पान सापडले.

एवढे लिहून मी उठले आणि देवघरात जाऊन निरांजनातली वात पुढे सारून आले. तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला लिहिण्याचा प्रसंग कधी आला नाही. जे सांगायचे ते तसबिरीसमोर हात जोडताना मनातल्या मनात सांगून होत असे. ही गोष्ट मात्र तशी आटोपणारी नाही. ती क्रमाने सांगावी लागेल, आणि क्रम सोडून बोललेले तुम्हाला कधीच खपत नसे.

नवरात्रात डोंगराखालच्या देवीच्या सभामंडपात जी पोथी तुम्ही वाचत होता, ती आता मी वाचते. तुमच्यामागे व्यासपीठावर बाईने बसावे की नाही यावर थोडी कुरबुर झाली, मग गावातल्याच एका म्हातारबांनी "देवी काय बाप्या हाय व्हय?" असे विचारले आणि कुरबुर तिथेच विरली. पोथी त्याच लाल रुमालात आहे. तीच हाती लिहिलेली सुटी पाने, तीच शाई, आणि तीच उणीव. गवळणीचा अध्याय येतो. डोक्यावर दुधाची घागर घेऊन ती देवीच्या पायरीशी उभी राहते. तिचा मुलगा घाट उतरून गेला आहे आणि परतलेला नाही. ती विचारते, माझे लेकरू कुठे आहे? देवी डोळे उघडते, आणि पान संपते. पुढचे पान नाही. त्याच्याही पुढच्या पानाच्या पहिल्याच ओवीत गवळण समाधान पावते, घागर उचलते आणि घराकडे वळते. मधे देवी काय म्हणाली हे तुम्हाला ठाऊक नव्हते, तुमच्या वडिलांना नव्हते, गावात कोणालाच नव्हते.

दुसरा कोणी असता तर दोन पाने एकमेकांना जोडून पुढे गेला असता. तुम्ही गेला नाहीत. आठवणीत अजून मी लहान होऊन तुमच्या उजव्या हाताला बसलेली आहे. परकराच्या ओच्यात तीळगुळासारखे काहीतरी धरून ठेवले आहे आणि ते चिकट होत चालले आहे. तुम्ही त्या रिकाम्या जागी तळहात ठेवता, डोळे मिटता आणि गप्प होता. सभामंडप गप्प होतो. बाहेर कोणाची तरी म्हैस खुंट्याशी दोर घासते आहे, एवढाच आवाज. मग तुम्ही हात उचलता आणि समाधान पावलेल्या गवळणीपासून पुढे वाचू लागता. हळूहळू गावाने त्या गप्प राहण्याला आपले करून घेतले. त्या दिवसाला "मुक्या पानाचा दिवस" हे नाव पडले. ज्यांच्या घरातले कोणी निघून गेले होते, ज्यांची कूस उजवली नव्हती, ज्यांच्या मनाला कसला तरी काटा होता, ती माणसे एरवी आली नाहीत तरी त्या दिवशी येत. गवळणीच्या प्रश्नामागे प्रत्येक जण आपापला प्रश्न उभा करी. उत्तर कोणाला मिळाले का, हे कोणी कोणाला विचारत नसे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना मी ते पान स्वतः रचून आणले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला बिरड्यासाठी वाल सोलून देत होता. मी उभ्यानेच माझ्या ओव्या म्हणून दाखवल्या. देवीच्या तोंडी मी फार सुंदर उत्तर घातले होते, असे तेव्हा मला वाटत होते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलेत. मग म्हणालात, "छंद निर्दोष आहे. शब्दही चांगले आहेत. पण हे तुझे बोलणे आहे, देवीचे नव्हे. जे आपल्यापर्यंत आले नाही, ते आपण बोलायचे नाही." आणि वालाची परात माझ्यापुढे सरकवलीत. आई हसली. मी रागाने इतके वाल सोलले की दुसऱ्या दिवशीही बिरडेच झाले.

तुमची दुसरी शिकवण खंडाळ्याच्या स्टेशनातली आहे. तुम्ही तिथले स्टेशनमास्तर, तुमच्या ड्यूटीवर मी डबा घेऊन येई आणि भिंतीशी बाकावर बसून राही. गाड्यांची खबर देणारा कंट्रोलचा काळा टेलिफोन कानाला लावून तुम्ही पलीकडच्या माणसाने सांगितलेला शब्दन् शब्द त्याला परत म्हणून दाखवत होता. घाटातून येणारी गाडी अजून डोळ्यांना दिसत नसे, पण तिचे येणे त्या शब्दांत आधीच पोहोचलेले असे. मी विचारले होते, तारेतून शब्द जातो कसा? तुम्ही म्हणालात, तार हे निमित्त आहे. शब्द हा आकाशाचा गुण आहे, आणि आकाश सगळीकडे आहे, भिंतीच्या आत आणि बाहेर. शास्त्रातले ते वचन मी पुढे कितीतरी वर्षे वर्गात शिकवले. परीक्षेपुरते शिकवले, असे आता वाटते. त्याचा अर्थ मला या वर्षी कळला.

लोणावळ्याच्या ज्या वाचनालयात तुम्ही मला पहिल्यांदा नेले, तिथे आता एक तरुण ग्रंथपाल आहे. घोरावाडीजवळच्या एका बौद्ध घरातली मुलगी. कपाटे ओसंडून वाहत होती आणि वाचक उंबरा चढत नव्हते, तेव्हा तिने वाचनालयासाठी एक मोबाईल घेतला आणि त्याचा नंबर सगळीकडे कळवला: बंगल्यांवरच्या माळ्यांना, खंडाळ्याच्या हॉटेलांतल्या कामगारांना, आंबीच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांना. फोन करा किंवा नुसते बोलून ठेवा. काय हवे ते सांगा. मग ती कोणाला पुस्तक दूधवाल्याच्या गाडीतून पाठवते, कोणाला पानाचा फोटो, कोणाला दुसऱ्या वाचनालयाचा पत्ता. ज्यांची नजर गेली त्यांच्यासाठी तिने दुपारी फोनवर वाचून दाखवणारी माणसे जमवली. त्यांत मी आहे. खंडाळ्याचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर माझ्या वाट्याला आले आहेत. मी त्यांना चांगले ललित वाचून दाखवू पाहते आणि ते म्हणतात, "बाई, वर्णन राहू द्या. खून कधी होणार ते सांगा."

या मोबाईलवर एके दिवशी आंबीहून एक निरोप आला. ग्रंथपालाने मला बोलावून तो ऐकवला. म्हातारा, खरखरीत, पण ठाम आवाज होता.

"वाचनालयवाल्या ताई, मला पुस्तक नको. एकच पान पायजे. माझ्या म्हायेरच्या देवीच्या पोथीतलं. गवळन इचारती त्याच्या म्होरलं. ते न्हाई म्हनत्यात. आसंल की कुटंतरी, पान काय उडून जातंय व्हय? माजं गुडघं गेलं, डोळं गेलं, आता देवळापत्तुर येनं होत न्हाई. तवा तुमीच बघा."

मी आवाज ओळखला. आंबीला दिलेली आपल्या गावची लेक. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. नवी सून असल्यापासून ती मुक्या पानाच्या दिवशी येत आली. पुढे तिचा थोरला ट्रकवर गेला. घाट उतरून गेला तो गेलाच. ट्रक खोपोलीच्या बाजूला उभा सापडला, दार लावलेले, आत त्याचा टॉवेल वाळत घातलेला. तो मात्र जिवंत असल्याची किंवा नसल्याची खबर आजतागायत नाही. त्यानंतर ती पहिल्या रांगेत बसू लागली, तुमच्या अगदी समोर. तुम्ही डोळे मिटत होता म्हणून तुम्हाला दिसले नसेल. ती मिटत नसे.

"हे पान पिढ्यान्‌पिढ्या हरवलेले आहे," मी ग्रंथपालाला म्हणाले.

"हरवलंय म्हणजे आपल्याकडे नाहीये, मॅडम. एवढंच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी देवी मानत नाही, तुम्हाला माहितीये. माझी आजी त्या सभामंडपाच्या पायरीला कधी लागली नाही, का ते तुम्हाला मी सांगायला नको. पण वाचकानं पान मागितलंय. ते शोधणं माझं काम आहे."

दुसऱ्या दिवशी ती फोटो घेण्यासाठी घरी आली. मी स्नान करून, धूतवस्त्र नेसून पोथी चौरंगावर सोडली. ती मोबाईल धरून पानावर वाकली आणि एकदम मागे सरली. "थांबा, माझी सावली पडतेय." ते शब्द खोलीत तसेच राहिले. आमची नजरानजर झाली. आधी तीच हसली. "अहो, फोटोत पडतेय!" मी तिला हाताला धरून खिडकीच्या दुसऱ्या अंगाला उभे केले आणि आपल्या देवघरात कधी न आलेले काहीतरी त्या दिवशी आले, असे मला वाटले. ते काय, हे मला अजून नीट म्हणता येत नाही.

उणीव असलेल्या जागेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, अशी दोन पाने तिने वाचनालयांच्या, देवस्थानांच्या, जुनी बाडे जमवणाऱ्यांच्या समूहांत पाठवली. उत्तरे कशी आली ते तुम्हाला सांगायलाच हवे. कोणी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहून पाठवले. कोणी आपल्याकडच्या वेगळ्याच देवीची सगळी पोथी पाठवली. एका गृहस्थांनी पान अश्लील असल्यामुळे मुद्दाम काढले असावे असे ठामपणे कळवले. त्यांना ग्रंथपालाने नमस्कार करणारे दोन हात पाठवले. आणि मग घाटाखालच्या एका खेड्यातल्या लहानशा वाचनालयातून फोटो आला. तिथे कोणाच्या तरी घरातून आलेल्या जुन्या गाठोड्यात आपल्याच पोथीची दुसरी प्रत होती. हस्ताक्षर वेगळे, ओव्या त्याच. फोटोच्या कडेला पान धरणाऱ्या अनोळखी माणसाचा अंगठा आला होता. मी त्या पानाला नमस्कार केला तेव्हा त्या अंगठ्यालाही झाला, आणि तो मला योग्यच वाटला.

ग्रंथपालाने मोबाईल माझ्या हातात दिला आणि ती मुद्दाम कपाटांकडे निघून गेली. मी मात्र लगेच वाचू शकले नाही. आबा, मला भय वाटत होते. देवीने तिथे काही बोललेले असेल, साधे, स्पष्ट, आईने मुलीला सांगावे तसे, तर तुम्ही आणि तुमच्यासमोर बसलेले ते सगळे गाव इतकी वर्षे काय करत होते? आणि ते बोलणे कठोर असेल, तुझा मुलगा गेला, वाट पाहू नकोस, असे असेल, तर मी ते मावशीला कोणत्या तोंडाने वाचून दाखवू? जे आपल्यापर्यंत आले नाही ते बोलायचे नाही, हे तुम्ही शिकवलेत. जे आले आहे ते न बोलण्याची मुभा असते का, हे विचारायचे राहून गेले.

मग वाचले. दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

देवी काही बोलत नाही. पहिल्या ओव्यांत तिने डोळे उघडल्यावर डोंगरावर काय काय थांबले त्याचे वर्णन आहे: वारा थांबला, पाखरे थांबली, ओढ्याचे पाणी खडकावर थबकले. मग ती आसनावरून उठते, पायऱ्या उतरून खाली येते आणि गवळणीच्या डोक्यावरची घागर आपल्या हातांनी उतरवून ठेवते. तिच्या शेजारी पायरीवर बसते. गाई परत येईपर्यंत दोघी तशाच बसून राहतात. एवढेच पान आहे.

त्या बाईच्या डोक्यावर भार आहे हे आपण सगळ्यांनी दर वर्षी ऐकले, आणि पुढे ती घागर उचलते हेही ऐकले. मधे ती कोणी उतरवली, हे सबंध सभामंडपात कोणाच्याही मनात आले नाही. माझ्या ओव्यांतली देवी तर त्या बाईला भारासकट उभी ठेवून किती वेळ बोलत होती! मी वाचनालयाच्या बाकावर बसले होते. पाण्यात सूर्य दिसावा तसे ते पान त्या लहानशा काचेत दिसत होते, आणि मला तुमचा तळहात दिसत होता, रिकाम्या जागेवर ठेवलेला.

मावशीला दुपारी फोन करायचे ठरले. केला, तर तिचा आवाज गोधडीखालून यावा तसा येऊ लागला; माझा तर तिला मुळीच ऐकू जाईना. काय झाले ते तिच्या सुनेने दुसऱ्या फोनवरून सांगितले. देवीचे पान मोबाईलमधून येणार म्हणून मावशीने मोबाईल पाटावर ठेवायला लावला होता, आणि सुनेने त्याला यथासांग हळद-कुंकू वाहिले होते. ते सगळे खालच्या भोकांत जाऊन बसले होते.

"मी म्हनलं, आत्याबाई, एवढं नको," सून सांगत होती.

"कुनी म्हनलं? तूच दोन चिमटी जास्त टाकलीस!" मागून मावशी.

"तुमीच म्हनला की, देवी पयल्यांदा घरात येतीया!"

जुन्या दात घासायच्या ब्रशाने सुनेने ते कुंकू झाडले, आणि आवाज मोकळा झाला. मी वाचू लागले. तुमच्याच चालीवर, तुमच्याच विसाव्यांनी. प्रत्येक ओवीनंतर पलीकडून "हं" असा हुंकार येत होता. मी इथे लोणावळ्यात खिडकीशी बसलेली; ती तिथे आंबीत, डोळ्यांना दिसत नसताना, पाटासमोर. मधे सगळे मावळ पसरलेले. कोणतीही तार नाही, आबा. नुसते आकाश. ज्याला आपण पोकळी म्हणतो, त्यातून घाटाखालचे पान वर आले होते आणि आता माझ्या तोंडून तिच्या कानात पोहोचत होते. वाचता वाचता एका ओवीपाशी मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "वाच की. मी हितंच हाय."

पान संपले.

"म्हंजे बोललीच न्हाई?"

"नाही, मावशी."

"येक शबुद न्हाई?"

"नाही."

"बया!" आणि मग एकदम, जवळजवळ रागाने, "एवढ्यासाठी मी इतकी वर्सं लोणावळ्याचं तिकीट काढलं?" मी घाबरले. पण तिच्या आवाजात काहीतरी फिरत होते. "घागर उतरीवली म्हन. आमच्या डोक्यावरची कुनी उतरीवली न्हाई, बाई. तिची तरी उतरीवली. देवीनं सोता?"

"स्वतः. दोन्ही हातांनी."

"पुन्यांदा वाच. घागरीपासनं."

मी पुन्हा वाचले. या खेपेला हुंकार आला नाही. मग ती सुनेला म्हणाली, "तू जा, भाकरी टाक," आणि मला म्हणाली, "बाई, फोन ठिवू नगं. पन बोलू बी नगं. मास्तर बसायचे तशी बस."

मी बसले. मोबाईल कानाशी धरून मी डोळे मिटले. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता, लांब कारखान्याचा भोंगा झाला, कोंबडीने कोणाला तरी हुसकावले. त्या सगळ्यामागे मावशीचा श्वास. आधी तो अडखळत होता. पुढे तो एका लयीत आला, झोपलेल्या माणसाचा नव्हे, ओझे उतरलेल्या माणसाचा. मी आयुष्यभर शब्दाची उपासना केली, आबा, आणि शब्द आकाशातून जातो हे तुमच्याकडून शिकले. शब्द नसतानाही काही जाते, आणि पोहोचते, हे मला त्या दुपारी समजले. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. शेवटी तिनेच सांगितले, "ऱ्हाऊ दे आता. तुजा हात दुखला आसंल."

परवा गवळणीचा अध्याय आहे. ते पान मी स्वच्छ अक्षरात उतरवून पोथीत घातले आहे आणि ते वाचणार आहे. गप्प बसणे सोडायचे का, असे मी मावशीला विचारले होते. ती म्हणाली, "सोडू नगं. देवी बसली व्हती न्हवं? मंग आपुन बी बसायचं." तेव्हा आधी पान, आणि मग तुमच्यासारखा तळहात ठेवून मौन, असा क्रम मी लावला आहे. ग्रंथपालाला मी बोलावले आहे. येईन म्हणाली नाही, नाही येणार असेही म्हणाली नाही. दूर राहणाऱ्यांना फोनवरून ऐकता यावे म्हणून मोबाईल कुठे ठेवायचा, एवढे तिने विचारून घेतले.

हे पत्र कुठे धाडायचे नाही. घडी करून ते टेबलाच्या खणात राहील. पण एक गोष्ट कबूल केल्यावाचून घडी घालवत नाही. फोन ठेवण्याआधी मावशी म्हणाली, "मास्तरांना ठावं आसनार. म्हनून तर गप बसायचे." तुम्हाला ठाऊक नव्हते, हे तुम्ही स्वतः मला कितीदा सांगितलेत. मी तिची चूक सुधारायला तोंड उघडले, आणि सुधारली नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. ती चूकच आहे, याची मला आता खात्री उरलेली नाही.